अर्धांगवायू, मेंदू आणि थोडासा आंबटपणा



आपल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकोणतीस हंगाम काढून मी निवृत्त झालो आणि मुलाकडे बदलापूरला राहावयास आलो. मुलगा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले, पुतणे, जावई आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आहेत. सकाळच्या लोकलला उभे राहिले की घाटावरची बोली कानावर पडतेच. तेव्हा इकडची हकीकत ती आपल्याच घरची हकीकत आहे असे समजून वाचावी.

आमच्याच मजल्यावर साताऱ्याकडचे एक गृहस्थ राहतात. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. एके दिवशी सकाळी सातच्या सुमारास त्यांच्या हातातून चहाचा कप निसटला. वहिनी म्हणाल्या, "अहो, असं काय बोलताय? काही कळंना." मला बोलावणे आले. अण्णांचे तोंड थोडे वाकडे दिसत होते, शब्द जड येत होते. आणि मी, आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलेला माणूस, काय म्हणालो? "पित्त झालं असेल वहिनी, रात्री जागरण झालंय. लिंबू-सरबत द्या आणि पडू द्या घटकाभर." दोन तास असेच गेले. नवाच्या पुढे उजवा हात उचलेना तेव्हा धावाधाव झाली. जवळच्या दवाखान्यात सीटी स्कॅनची सोय नव्हती. तिथून पुढे पाठवले. रस्त्यावर गर्दी, पुढे कागदपत्रे. तपासणी होईपर्यंत दुपारचा एक वाजून गेला. तिथले डॉक्टर शांतपणे म्हणाले, "गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ गेली."

अण्णा वाचले, पण उजवा हात आला नाही. ज्या माणसाने तासातासाला रसाचा पीएच वहीत नोंदवला त्याने त्या दिवशी घड्याळाकडे पाहिले नाही, ही टोचणी मला कायमची राहिली.

पुढे अण्णांच्या मुलाने कुठेसे वाचले की "सौम्य आम्लता मेंदूला अर्धांगवायूपासून वाचवते". तो मला विचारू लागला, "काका, मग तुम्ही लिंबू दिलंत ते बरोबरच होतं का? आता रोज ताक-लिंबू चालू करू का?" त्याला उत्तर देण्यासाठी मी वाचू लागलो. वाचले ते आपल्यालाही उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

पीएच : आपल्या ओळखीचा पाहुणा

पीएच हा शब्द सभासदांना नवा नाही. माती परीक्षणाच्या कागदावर तो असतो. पाणी जास्त देऊन ज्यांच्या जमिनी चोपण झाल्या त्यांना साडेआठ, नऊ हे आकडे चांगलेच माहीत आहेत. सात म्हणजे मध्यम, सातच्या खाली आम्ल म्हणजे आंबट बाजू, सातच्या वर अल्क म्हणजे खारी बाजू. या मोजमापात एक अंकाचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक, हे मात्र ध्यानात ठेवावे.

कारखान्यात काय होते ते आठवा. ताज्या उसाच्या रसाचा पीएच सव्वापाच ते साडेपाचच्या आसपास असतो. तो तसाच तापवला तर साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होते आणि उतारा जातो. म्हणून चुना देऊन, गंधकाचा वायू सोडून रस सातच्या आसपास आणतात. चुना जास्त झाला तर रस काळवंडतो. पण पुढे सिरप तयार झाल्यावर त्याच्यात पुन्हा गंधकाचा वायू सोडून पीएच मुद्दाम पाचाच्या आसपास खाली आणतात, कारण तेवढ्या आंबटपणाने साखरेचा रंग उजळतो. म्हणजे तोच आंबटपणा एका टप्प्यावर नुकसान करतो आणि दुसऱ्या टप्प्यावर, मापात असला तर, काम करतो. मेंदूतली गोष्ट थोडीफार अशीच आहे.

रक्त थांबले की मेंदूत काय घडते

माणसाच्या वजनात मेंदूचा वाटा शंभरात दोन, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो. त्याच्याकडे साठवण जवळजवळ नाही. शिलकीत काहीच न ठेवता रोजच्या रोज मजुरी खाणाऱ्या माणसासारखी त्याची गत आहे. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की त्या भागाची मजुरी बंद. यालाच आपण अर्धांगवायू, लकवा किंवा "अंगावरनं वारं गेलं" म्हणतो. वाऱ्याचा त्यात काही संबंध नाही. बहुतेक वेळा गुठळी असते, काही वेळा रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झालेला असतो. मुंबईत २००५-०६ साली झालेल्या पाहणीत शंभरातील सुमारे ८० रुग्ण गुठळीचे होते, आणि झटका आलेल्यांपैकी ३० टक्क्यांच्या आसपास लोक २८ दिवसांच्या आत दगावले होते.

प्राणवायू बंद झाला की पेशी असलेल्या ग्लुकोजवरच कसेबसे काम चालू ठेवतात. प्राणवायूविना ग्लुकोज जळाले की लॅक्टिक आम्ल तयार होते. दही आंबते ते याच आम्लाने. मेंदूतल्या पेशींच्या भोवतालच्या पाण्याचा पीएच एरवी ७.३ च्या आसपास असतो. तो काही मिनिटांत साडेसहाच्या आसपास उतरतो. रक्तात साखर जास्त असेल तर आणखी खाली, सहापर्यंतही जातो.

इकडे दुसरे संकट उभे राहते. पेशींचे पंप शक्तीअभावी बंद पडतात आणि पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी वापरतात ते ग्लुटामेट नावाचे द्रव्य बाहेर सांडते. एरवी थेंबाथेंबाने द्यावयाचे ते घागरीने ओतले जाते. ग्लुटामेटच्या हुकमाने पेशीवरची काही दारे उघडतात. शास्त्रज्ञ त्यांना एनएमडीए ग्राहक म्हणतात. या दारांतून कॅल्शियम आत घुसते. थोडे कॅल्शियम कामाचे, पण लोट आला की तो आतील पाचक द्रव्यांना मोकाट सोडतो आणि पेशी स्वतःलाच पचवू लागते. पाटाला पाणी सुटले, दारे धरणारा गडी झोपला आणि रात्रभर पाणी रानात शिरून उभे पीक कुजले, असा प्रकार. १९६९ साली अमेरिकेतील डॉ. जॉन ओल्नी यांनी अतिउत्तेजनाने होणाऱ्या या पेशीनाशाला प्रथम नाव दिले.

दारे धरणारा गडी

आता आंबटपणाचे काम पाहा. १९९० साली लंडनमध्ये स्टीफन ट्रेनेलिस व स्टुअर्ट कल-कँडी या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की आम्लाचे कण, म्हणजे हायड्रोजनचे भारित कण, या एनएमडीए दारांवर बसून ती ओढून धरतात. गंमत अशी की शरीराच्या नेहमीच्या पीएचलाच ही दारे निम्म्याच्या आसपास दाबलेली असतात. आंबटपणा थोडा वाढला की आणखी दाबली जातात. म्हणजे पाणी सुटलेल्या पाटावर आम्ल हा दारे धरणारा गडी ठरतो.

त्याच १९९० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात दोन गटांनी काचेच्या बशीत वाढवलेल्या मेंदूच्या पेशींवर प्रयोग केले. एका गटात डॉ. डेनिस चॉय होते, दुसऱ्यात डॉ. रॉबर्ट सापोल्स्की. पेशींचा प्राणवायू व ग्लुकोज तोडले. एका बशीतले पाणी नेहमीच्या पीएचचे, दुसरीतले किंचित आंबट. किंचित आंबट पाण्यातल्या पेशी कमी मेल्या. तोपर्यंत आम्लता म्हणजे केवळ शत्रू असे मानले जाई. या प्रयोगांनंतर विचार बदलला : झटक्यात तयार होणारे आम्ल सौम्य असेपर्यंत ते मेंदूचे स्वतःचेच संरक्षण असावे.

पुढे २०१४ साली चीनमधील हांगझोऊ येथील शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केला. मेंदूची बंद केलेली रक्तवाहिनी पुन्हा उघडताना उंदरांना थोडा वेळ कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा दिली. हा वायू रक्तात विरघळून सौम्य आम्ल करतो. त्या उंदरांच्या मेंदूचे नुकसान कमी झाले. अडलेले रक्त अचानक सुरू होतानाही मेंदूला इजा होते. त्या वेळी क्षणभर आम्ल टिकवले तर इजा कमी होते, असा याचा अर्थ.

इथे एक इशारा देतो. हा प्रयोग उंदरांवर, मोजून-मापून झालेला आहे. कार्बन डायऑक्साइड हा प्राणघातक वायू आहे. डिस्टिलरीच्या आंबवण्याच्या टाकीत, जुन्या बंद विहिरीत उतरून माणसे बेशुद्ध पडल्याच्या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत. घरी असा काही प्रकार करण्याचा विचारही मनात आणू नये.

थोडे तारक, जास्त मारक

आम्लाचे वाईट रूप उल्हासनगरकरांना सांगावयास नको. २०१४ साली वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतल्याने विषारी वायू पसरला आणि काठच्या अनेक लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. मेंदूतही आम्ल मर्यादेपलीकडे गेले की रूप पालटते.

पेशींवर दुसऱ्या प्रकारची दारेही असतात. ती उलट आम्लानेच उघडतात. २००४ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथील शास्त्रज्ञांनी दाखवले की झटक्यात पीएच फार खाली गेला की ही दारे उघडून कॅल्शियम आत जाते आणि पेशी मरतात. एका मोठ्या कोळ्याच्या विषातील द्रव्याने ही दारे बंद केल्यावर प्रयोगातील प्राण्यांच्या मेंदूचे नुकसान कमी झाले. म्हणजे एक दार आम्लाने मिटते, दुसरे आम्लाने उघडते. सौम्य आम्लात पहिल्याचा फायदा वरचढ, तीव्र आम्लात दुसऱ्याचा तोटा वरचढ.

यातून मधुमेहाचा मुद्दा निघतो. १९७७ साली मायर्स व यामागुची या शास्त्रज्ञांनी माकडांवर प्रयोग केले. हृदय थांबवण्यापूर्वी ज्यांच्या रक्तात ग्लुकोज वाढवले होते त्यांच्या मेंदूची हानी जास्त झाली. कारण उघड आहे : जळण जास्त, तर प्राणवायूविना होणारे आम्लही जास्त. रक्तातील साखर बेताबाहेर असलेल्या माणसाला झटका आला तर सौम्य आम्लाची मर्यादा लवकर ओलांडली जाते. साखर कारखान्याच्या पत्रिकेत मी साखरेविरुद्ध लिहितो आहे असे कृपया समजू नये. साखर पोत्यात शोभते, रक्तात मोजकीच शोभते, एवढेच म्हणणे आहे.

यातून औषध निघेल काय?

एनएमडीए दारे बंद करणारी औषधे १९९० च्या दशकात रुग्णांवर वापरून पाहिली गेली. ती अपयशी ठरली. कारण ही दारे निरोगी मेंदूलाही स्मरण, विचार, जागृती यांसाठी हवी असतात. सगळीच दारे मिटली तर रुग्णाला भास होऊ लागतात.

आता कल्पना अशी आहे की औषध असे करावे जे फक्त आंबट झालेल्या भागातच जोरात चिकटेल. निरोगी भागाचा पीएच नेहमीचा, तिथे ते ढिले राहील. झटक्याच्या कडेचा भाग, जिथे पेशी अर्धमेल्या असतात पण वाचू शकतात, तिथे मात्र ते काम करील. तणनाशक फक्त तणावर पडावे, उसावर पडू नये, तसा हा प्रकार. आधी नाव आलेले ट्रेनेलिस पुढे अमेरिकेतील अटलांटा येथील एमरी विद्यापीठात या कामास लागले, आणि २०१५ साली त्यांच्या गटाने अशी द्रव्ये प्राण्यांमध्ये उपयोगी पडत असल्याचे प्रसिद्ध केले. दवाखान्यात झटक्यावर नेहमी द्यावयाचे औषध म्हणून ते अजून आलेले नाही. बशीतल्या पेशींपासून खाटेवरच्या रुग्णापर्यंतची वाट लांब असते, आणि त्या वाटेवर पुष्कळ चांगली औषधे गळाली आहेत.

मग लिंबू, ताक आणि सोडा?

अण्णांच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे. लिंबू, चिंच, ताक खाऊन मेंदूचा पीएच बदलत नाही. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात शरीर सांभाळते. फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि मूत्रपिंडे आम्ल गाळून हे काम रात्रंदिवस करतात. आपल्या कारखान्यातला कोणताही केमिस्ट इतका नेमका पीएच राखू शकत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पोटात होते ती "ॲसिडिटी" ही निराळी बाब. जठरातले आम्ल जठरापुरते. तेव्हा आम्लपित्त असणाऱ्यांना झटक्यापासून संरक्षण आहे किंवा सोडा घेणाऱ्यांना धोका आहे, असा अर्थ कोणीही काढू नये.

उलट झटका आलेल्या माणसाला लिंबू-पाणी पाजणे धोक्याचे आहे. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात. पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणजे मी त्या दिवशी दोन चुका केल्या : वेळ घालवला, आणि सरबत पाजावयास सांगितले. हे लिहिताना लाज वाटते, पण दुसऱ्या कोणी तसे करू नये म्हणून लिहितो.

खरे औषध : वेळ

तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे हे आपण मुकादमाला बजावतो. फडात मोळ्या पडून राहिल्या तर वजन घटते, उतारा घटतो. मेंदूचा हिशेब यापेक्षा कठोर आहे. अमेरिकेतील डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे मोठी वाहिनी बंद झाल्यावर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. मी "पडू द्या घटकाभर" म्हणालो त्याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आज उपाय आहेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटक्यानंतर साडेचार तासांपर्यंत देता येते, आणि जितके लवकर तितके चांगले. यातील टेनेक्टेप्लेज हे औषध पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने तयार केले असून २०१६ पासून आपल्या देशात झटक्यावर त्यास मान्यता आहे. मोठी गुठळी तारेने बाहेर काढण्याची सोयही मोठ्या दवाखान्यांत आहे. निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंत उपयोगी पडते. पण आधी सीटी स्कॅन हवाच, कारण रक्तस्राव असेल तर गुठळीचे औषध घातक ठरते.

हा केवळ शहराचा रोग आहे असे समजू नका. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांत मृत्यूंची कारणे शोधली. शंभरातील १४ मृत्यू झटक्याने झालेले आढळले, म्हणजे तिथे हेच मृत्यूचे पहिले कारण. आणि त्यांपैकी दहात जवळजवळ नऊ जण घरीच गेले.

तेव्हा प्रत्येक सभासदाने पुढील गोष्टी घरात सर्वांना, विशेषतः घरच्या बायामाणसांना व शाळकरी मुलांना, सांगून ठेवाव्यात :

१. ओळख. एकाएकी तोल जाणे, एकाएकी कमी किंवा दुहेरी दिसणे, हसताना तोंड एका बाजूस जाणे, दोन्ही हात वर केल्यास एक खाली पडणे, बोलणे अडखळणे. यांपैकी एक जरी दिसले तरी झटका समजावा. दुखत नाही म्हणून थांबू नये. बहुधा दुखत नाहीच.

२. माणूस शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ लिहून ठेवावी. डॉक्टर तीच पहिल्यांदा विचारतात.

३. १०८ ला फोन करावा. सीटी स्कॅन असलेला जवळचा दवाखाना कोणता ते आजच विचारून ठेवावे. मुले मुंबईकडे असतील तर त्यांना तिकडचा विचारून ठेवावयास सांगावे.

४. तोंडाने पाणी, सरबत, गोळी काही देऊ नये. ॲस्पिरिनही नको. माणसाला कुशीवर निजवावे.

५. तेलाची मालीश, कबुतराचे रक्त, अमुक गावचे झाडपाल्याचे औषध यांत पहिले तास घालवू नयेत.

६. रक्तदाब व रक्तातील साखर वेळोवेळी तपासावी. बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नये. तंबाखू, मशेरी, विडी सोडावी. हाच सर्वांत स्वस्त उपाय.

सौम्य आंबटपणाचे गूढ शास्त्रज्ञ उकलीत आहेत. एक दिवस त्यातून औषध येईल अशी आशा करू या. पण ते औषध आले तरी, माणूस वेळेवर पोचला तरच त्याच्या नसेत जाईल.

अण्णा आता डाव्या हाताने चहा पितात. रोज संध्याकाळी आम्ही दोघे उल्हास नदीच्या बाजूला फिरावयास जातो. ते अजून माझ्यावर रागावलेले नाहीत. मागच्या आठवड्यात म्हणाले, "केमिस्टसाहेब, लिहा तुमच्या कारखान्याच्या अंकात. कुणाचा तरी हात वाचंल." म्हणून लिहिले.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कारखान्याचा एक निवृत्त लॅब केमिस्ट, बदलापूर